बारीक मनगटाला शोभेल असं घड्याळ मुंबईत कुठे मिळेल?

किडमिड्या | ३ जून, रात्री १०:१२

मंडळी, प्रश्न क्षुल्लक आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग मदत करा.

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. पर्यवेक्षणाला मोबाईल बाहेर ठेवून जावं लागतं आणि आमच्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ गेल्या दिवाळीपासून सव्वाचारवर अडलंय. म्हणून गेल्या वर्षी ऑनलाइन एक घड्याळ मागवलं. फोटोत झकास दिसत होतं. ४२ मिमी म्हणजे किती हे तेव्हा कळलं नाही, हातात बांधल्यावर कळलं. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कॅरमचा स्ट्रायकर बांधून आलात का?" घरी येऊन खरंच मोजलं. स्ट्रायकर ४१ मिमी भरला. पोरगं बरोबर होतं.

माझं मनगट १४.५ सेंमी आहे. परवा दादरला तीन दुकानं फिरलो. 'जेंट्स' म्हटलं की ४२, ४४, ४६. लहान मागितलं की काउंटरवरचा माणूस एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या हाताकडे बघतो आणि "मग लेडीजमध्ये दाखवू का?" असं जरा हळू आवाजात विचारतो, जणू मी औषधाच्या दुकानात काहीतरी भलतंच मागितलंय. लेडीजमध्ये दाखवलेलं घड्याळ एवढंसं होतं, वर खडे. त्यात वेळ बघायला मला चष्मा लागेल.

बजेट आठ हजारांपर्यंत. आकडे असलेली साधी तबकडी हवी. सोनेरी नको. फिटनेस बँड नको. पुरवणी परीक्षा तोंडावर आहेत.

खवचट_खंडू | ३ जून, रात्री १०:२०

घड्याळ बदलण्यापेक्षा मनगट बदला. रोज दोन अंडी आणि पन्नास जोर. (हलके घ्या.)

किडमिड्या | ३ जून, रात्री १०:२४

खंडूशेठ, वीस वर्षं खातोय. सगळं पोटाकडे जातं, मनगटापर्यंत पोचत नाही.

रानडेरोड | ३ जून, रात्री १०:४१

एचएमटी जनता. विषय संपला.

३५ मिमी, हाताने चावी द्यायची, १७ ज्वेल (म्हणजे आतल्या चाकांना टेकू देणारे बारीक माणिकखडे). आपल्या आधीच्या पिढीतल्या निम्म्या बापमाणसांच्या हातात हेच किंवा याची भावंडं होती आणि कोणाच्याही हातावर ते लहान वाटलं नाही. घरात वडिलांचं किंवा आजोबांचं पडलेलं असेल तर बघा. सर्व्हिस करून घ्या, आठ हजारांतले सात वाचतील.

किडमिड्या | ३ जून, रात्री १०:५५

रानडेरोड, आजोबांचं घड्याळ असा प्रकारच नाही आमच्याकडे. आजोबा लालबागला गिरणीत होते, ते भोंग्यावर चालायचे. आजी सांगते की भोंगा झाला की अख्खी चाळ हलायची, घड्याळ घेऊन करायचंय काय? वडिलांनी घेतलं होतं एक, ते संपाच्या वर्षी विकलं. ८२ साली. त्यामुळे खण उपसून उपयोग नाही, विकतच घ्यावं लागणार.

टिकटिक | ३ जून, रात्री ११:३०

धागाकर्ते, तुम्ही आणि दुकानदार दोघंही चुकीची गोष्ट मोजताय. जरा सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः १५ सेंमीवाला आहे आणि या चुकीपायी चार घड्याळं विकून झालीत.

तबकडीचा व्यास ही अर्धीच गोष्ट. पट्टा ज्यात अडकतो ते चार पाय असतात ना, लग म्हणतात त्यांना, त्यांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. घड्याळ हातावर बसतं ते या लांबीवर. ४० मिमीचं घड्याळ आखूड, खाली वळलेल्या लगांमुळे ४५ मध्ये बसू शकतं आणि ३८ चं घड्याळ सरळसोट लांब लगांमुळे ४८ खाऊ शकतं. हातावर दुसरंच मोठं दिसणार.

आता मनगट. १४.५ हा घेर झाला. घेर पट्ट्याच्या कामाचा, घड्याळाच्या नाही. हात टेबलावर पालथा ठेवा आणि मनगटाची वरची सपाट रुंदी पट्टीने मोजा, घड्याळ जिथे टेकतं तिथे. लगांची टोकं या रुंदीच्या बाहेर गेली की घड्याळाखालून उजेड दिसतो. तेच ते "बापाचं घड्याळ घालून आलाय" दिसणं. काहींचं मनगट चपटं असतं, काहींचं लाटण्यासारखं गोल. घेर सारखा असला तरी गोलवाल्याला सपाट जागा कमी मिळते.

आणखी दोन गोष्टी. पांढरी तबकडी काळीपेक्षा मोठी दिसते. आणि काचेभोवतीची कडा जितकी बारीक तितकं घड्याळ मोठं वाटतं. डायव्हिंगच्या घड्याळाला जाड फिरती कडा असते, म्हणून ते ४० चं असूनही आतून आटोपशीर दिसतं. त्याच मापाचं नुसती पांढरी तबकडी असलेलं घड्याळ ताटलीसारखं दिसेल. चौकोनी घड्याळ घेतलंत तर लक्षात ठेवा, ३५ चा चौकोन ३५ च्या गोलापेक्षा बराच मोठा दिसतो, कोपरे असतात त्याला.

उद्या मोजून सांगा, मग बोलू.

नीलाक्षी | ४ जून, सकाळी ७:५०

टिकटिक, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो आता पट्टी घेऊन घरभर सगळ्यांची मनगटं मोजतोय. डबा कोण भरणार?

विरारफास्ट | ४ जून, सकाळी ८:३५

गाडीतून लिहितोय. शोभा वगैरे नंतर. मुंबईत लहान घड्याळ घ्यायचं खरं कारण हे की मोठं घड्याळ लोकलमध्ये अडकतं. माझं ४५ मिमीचं होतं, जाड. अंधेरीला उतरताना एका काकांच्या झोळीच्या बंदात अडकलं. काका बोरिवलीला जाणारे, मी उतरणारा. दोघंही फलाटावर उतरलो. काकांनी पुढची गाडी येईपर्यंत माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.

तेव्हापासून कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. जेमतेम ३५ मिमी रुंद, वजन २१ ग्रॅम, एक सेल सात वर्षं. १९८९ पासून तेच मॉडेल चालू आहे, म्हणजे माझ्या लग्नापेक्षा टिकाऊ. बारीक हातावर एकदम फिट. बजेटमधले उरलेले पैसे म्हावऱ्यात घाला.

किडमिड्या | ४ जून, दुपारी १:१५

विरारफास्ट, ते शाळेत असताना होतं की! हॉलमध्ये दर तासाला पीप वाजेल आणि पोरं दचकतील. (बंद करता येतं, माहीत आहे. पण मला काटे हवेत. किती वेळ उरला ते काट्यांकडे बघून चटकन कळतं, आकड्यांची वजाबाकी करावी लागते.)

टिकटिक, मोजलं. सपाट रुंदी ४७ मिमी. आणि आधीच्या त्या घड्याळाची लगांची लांबी ५१. म्हणजे दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिमी बाहेर लटकत होतं. पोराचा स्ट्रायकर उगाच नव्हता.

टिकटिक | ४ जून, दुपारी १:४०

४७ ना? मग ४४ च्या आत राहा, शक्यतो ४२. व्यास ३४ ते ३७. सैकोचं ३७ मिमीचं एसएनके८०९ या मापात आदर्श होतं, लग ४३, १८ मिमीचा पट्टा. आता कंपनीने बंद केलंय. जुनं मिळालं तर मिळालं.

बाळूमामा_परळ | ४ जून, दुपारी २:०५

स्ट्रायकर ४१ आणि सोंगटी साधारण ३१-३२. म्हणजे सरांना स्ट्रायकर आणि सोंगटीच्या मधलं काहीतरी पाहिजे. राणी घ्या, सर.

खवचट_खंडू | ४ जून, दुपारी २:११

राणी आणि सोंगटी एकाच मापाच्या असतात, बाळूमामा. परळचे असून कॅरम येत नाही? नाक्यावर सांगू नका.

माई_पार्ले | ४ जून, दुपारी ४:३०

मला एक कळत नाही, 'लेडीज' शब्दाला एवढं दचकायचं काय त्यात? माझं मनगट १३.५ आहे. आम्हा बायकांना याच्या उलट त्रास. आम्हाला जे 'लेडीज' म्हणून दाखवतात ते २५-२६ मिमीचं, दहाच्या नाण्याहूनही लहान. (दहाचं नाणं २७ मिमी, सोबत घेऊन जा, दुकानात उपयोगी पडतं.) आकडे नाहीत, बाराच्या जागी एक खडा, सेकंदकाटा नाही. मी तीस वर्षं नर्स होते. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो, खडा नाही! मी कायम पुरुषांच्या विभागातलं सगळ्यात लहान शोधायचे आणि तिथला माणूस म्हणायचा, "मॅडम, साहेबांसाठी बघताय का?"

म्हणजे तुमचं आणि माझं गिऱ्हाईक एकच आहे, सर. ३२ ते ३६. त्या मापाला दुकानात काउंटरच नाही.

आणखी एक. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. कोणी म्हणायचं बांगड्या काचेवर आपटतात म्हणून, पण दुसरंही कारण होतं: बारीक हाताला आतली बाजू जास्त सपाट असते, घड्याळ फिरत नाही. आणि पेशंटचा हात हातात धरलेला असताना मान न वळवता वेळ दिसते. पेपर तपासताना करून बघा.

अनुस्वार | ४ जून, रात्री ९:२०

माईंना जोरदार अनुमोदन. शिवाय हे 'लेडीज' प्रकरण इतिहासाच्या दृष्टीनेही गमतीचं आहे. मनगटी घड्याळ हाच मुळात बायकांचा दागिना समजला जायचा, पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवायचे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला एका हातात बंदूक असताना खिसा चाचपणं जमेना, तेव्हा घड्याळ पुरुषांच्या मनगटावर आलं आणि एकदम मर्दानी झालं.

मग कित्येक दशकं पुरुषांचं घड्याळ ३३ ते ३६ मिमीचंच होतं. रोलेक्सचं डेटजस्ट १९४५ साली आलं ते ३६ चं. ते घालणाऱ्यांना कोणी लेडीज म्हणालं नाही. ४४ आणि ४७ चं खूळ नव्वदच्या दशकाच्या मध्यापासूनचं. पानेराई नावाच्या इटालियन कंपनीची पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीची अवाढव्य घड्याळं सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हातात दिसली आणि सगळ्या कंपन्या फुगल्या. स्टॅलोनचा दंड आपल्या मांडीएवढा, त्याला शोभतं.

आता वारं फिरतंय. टायमेक्सने २०१७ साली जुनं मार्लिन परत काढलं तेव्हा ते ३४ मिमीचंच ठेवलं. टिसॉटच्या पीआरएक्समध्ये ३५ आहे, पण ते बजेटच्या बरंच बाहेर जाईल.

जाडजूड | ४ जून, रात्री ९:५८

मला हे मिमीचं स्तोम पटत नाही. घड्याळ आवडलं की घालावं. आमच्या ऑफिसात एक बारकेला मुलगा आहे, ४४ चं घालतो, कोणी काही बोलत नाही. आरशात स्वतःला बघून कुढायचं आणि मग नेटवर लोकांना विचारायचं, त्यापेक्षा रुबाबात वावरा.

किडमिड्या | ४ जून, रात्री १०:०६

तुमच्या ऑफिसात सतरा वर्षांची साठ मुलं बसवा आणि मग सांगा कोणी काही बोलतं का.

टिकटिक | ४ जून, रात्री १०:२५

जाडजूड, शोभेचं सोडा, वापरायलाही त्रास होतो. मोठं जड घड्याळ बारीक हातावर घरंगळतं, म्हणून पट्टा करकचून बांधावा लागतो. मग त्याची चावी हाताच्या पाठीत रुतते. जोर मारताना किंवा टेबलावर हात टेकताना कळतं. माझ्या हातावर कायम लाल वण असायचा.

सहा_बत्तीस | ५ जून, सकाळी ११:१५

चोरबाजारात जा, मटन स्ट्रीटला. जुनी ३४-३५ ची घड्याळं ढिगाने मिळतात. एचएमटी, फेवर-ल्युबा, वेस्ट एंड. मी असंच एक फेवर-ल्युबा घेतलं, मस्त निळी तबकडी, नव्यासारखी चकचकीत. एकदम स्वस्तात.

टिकटिक | ५ जून, सकाळी ११:३२

निळी तबकडी, नव्यासारखी चकचकीत? फोटो टाका बरं.

सहा_बत्तीस | ५ जून, सकाळी ११:५०

टाकला.

टिकटिक | ५ जून, दुपारी १२:१०

मित्रा, वाईट वाटून घेऊ नकोस. याला जगभरचे घड्याळवेडे 'मुंबई स्पेशल' म्हणतात. होय, आपल्याच शहराच्या नावाने. जुन्या घड्याळाची तबकडी खरवडून पुन्हा रंगवतात, भडक निळी, केशरी, हिरवी. वर कंपनीचं नाव छापतात. काटे एकाचे, चावी दुसऱ्याची, डबी तिसऱ्याची. डबी इतकी पॉलिश करतात की कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. तुझ्या फोटोत नावाची अक्षरं जाड-बारीक आहेत आणि मिनिटांच्या रेघा बाहेरच्या कड्याशी जुळत नाहीत. पन्नास वर्षांचं घड्याळ पन्नास वर्षांचं दिसायला हवं. थोडी पिवळट झाक, एखादा डाग. मुंबईच्या दमट हवेत तबकडी तशी राहतच नाही.

चालतंय ना? मग खुशाल घाल. फक्त जुनं, मूळचं म्हणून कोणाला विकू नकोस.

सहा_बत्तीस | ५ जून, दुपारी १२:१४

चालतं. दिवसाला अकरा मिनिटं पुढे.

विरारफास्ट | ५ जून, दुपारी १२:२०

बरंय की. गाडी चुकणार नाही.

अनुस्वार | ५ जून, दुपारी १:०५

अवांतर: अकरा मिनिटांचं काय घेऊन बसलात! हे शहर एके काळी अख्ख्या देशाच्या ३९ मिनिटं मागे होतं. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, पण 'बॉम्बे टाइम' म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, तो सोडायला मुंबईकर तयार होईनात. रेल्वे एका वेळेवर आणि शहर दुसऱ्या, असं पुढे कितीतरी वर्षं चाललं.

खवचट_खंडू | ५ जून, दुपारी १:१२

रेल्वे एका वेळेवर आणि शहर दुसऱ्या वेळेवर? मग बदललं काय?

माई_पार्ले | ५ जून, दुपारी ३:४०

मूळ विषयावर या रे मुलांनो. सरांच्या परीक्षा जवळ आल्यात.

नीलाक्षी | ५ जून, रात्री ८:४५

पट्ट्याबद्दल कोणी बोललंच नाही, तेव्हा मी बोलते. माझंही मनगट १४ चं आहे.

स्टीलचा पट्टा घेतलात तर दुकानातच कड्या काढून घ्या आणि काढलेल्या कड्या मागून घ्या, त्या गुपचूप तिथल्याच खणात जातात. आमच्यासारख्यांच्या बाबतीत सगळ्या कड्या काढूनही पट्टा सैल राहतो किंवा बक्कल मध्यावर न येता एका बाजूला सरकतं. म्हणून बक्कलवर बारीक छिद्रांच्या दोन-तीन जोड्या आहेत का बघा, त्यात पिन सरकवून थोडं घट्ट करता येतं. आणि घड्याळाला चिकटलेली पहिली कडी खाली वाकते का ते बघा. ती ताठ असेल तर टिकटिकनी सांगितलेलं लगांचं माप विसरा, ती कडीसुद्धा त्यात धरायची.

चामड्याचा घेतलात तर सगळ्यात आतलं भोक आपल्याला लांब पडतं, आणखी एक पाडून घ्यावं लागतं. घरी खिळा आणि हातोडी घेऊन बसू नका, माझ्या नवऱ्याने तो प्रयोग केलाय. रस्त्यावरच्या घड्याळजीकडे पंच असतो. आणि पावसाळ्यात चामडं नकोच, आठ दिवसांत वास मारतं. आता जूनच आहे, नायलॉनचा किंवा रबराचा लावा, चामडं दिवाळीत काढा. तो एकसंध, घड्याळाखालून जाणारा नायलॉनचा पट्टा मात्र जपून. तो लांब असतो, बारीक हाताला शेपूट दोनदा दुमडावं लागतं आणि खालून थर आल्यामुळे घड्याळ आणखी उंच होतं. दोन तुकड्यांचा घ्या.

रानडेरोड | ५ जून, रात्री ९:०२

नीलाक्षीताई, फार कामाचं लिहिलंत. पट्ट्याच्या रुंदीचंही एक: ३५-३६ च्या घड्याळाला १८ चा पट्टा बरोबर. २२ चा पट्टा आला की हाताला प्लास्टर घातल्यासारखं दिसतं.

बाळूमामा_परळ | ५ जून, रात्री ९:३०

एवढं सगळं वाचण्यापेक्षा पुठ्ठ्याचं गोल कापून हातावर ठेवून बघा की.

टिकटिक | ५ जून, रात्री ९:३३

बाळूमामांनी थट्टेत लाख मोलाचं सांगितलं. खरंच करा. लगांसकट कापा.

स्मार्टशंतनू | ६ जून, सकाळी १०:००

२०२० नंतर लोक काट्यांची घड्याळं का घेतात? स्मार्टवॉच घ्या, ४० मिमीत येतं, पावलं मोजतं, झोप मोजतं.

किडमिड्या | ६ जून, सकाळी १०:२५

परीक्षेच्या हॉलमध्ये स्मार्टवॉच चालत नाही हो. पोरांनाही नाही आणि मलाही नाही. आणि झोप कोणाची मोजायची? तीन तास पर्यवेक्षण करताना माझीच मोजली जाईल.

जाडजूड | ६ जून, सकाळी १०:४०

धाग्यावर शंभर प्रतिसाद होणार आणि सर शेवटी मोबाईलच्या कव्हरमधून वेळ बघणार, लिहून घ्या.

किडमिड्या | २१ जून, रात्री ९:१५

मंडळी, उशिरा लिहितोय, माफी असावी. मध्ये पावसाने दोन दिवस हिंदमाता पार करता आलं नाही.

जाडजूड, घेतलं!

बाळूमामांचं ऐकून पुठ्ठ्याची तीन गोलं कापली, लगांसकट: ३४, ३६, ३८. बायकोने प्रत्येकावर काटे काढून दिले, तिघांत दहा वाजून दहा. हातावर ठेवून आरशात बघितली, आठ फुटांवरून, कारण पोरं आठ फुटांवरच बसतात. ३८ वाईट नव्हतं. पण ३६ बघितल्यावर ३८ मोठं वाटायला लागलं आणि ३४ बघितल्यावर ३६. तेव्हा थांबलो, नाहीतर संध्याकाळपर्यंत मटारच्या दाण्यावर आलो असतो.

मग पुठ्ठा खिशात घालून पुन्हा दादर. पहिल्या दुकानात तोच माणूस. मी पुठ्ठा काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "जेंट्स-लेडीज सांगू नका, या मापात जे आहे ते सगळं काढा." तो आधी हसला. मग त्याने दोन्ही काउंटरवरून मिळून अकरा घड्याळं काढली. अकरा! गेल्या वेळी एकही नव्हतं. माई, तुमचं खरं आहे, माप होतं, काउंटर नव्हता.

शेवटी घेतलं ते लेडीज काउंटरवरचं निघालं. ३४ मिमी, लग ४१, काळी तबकडी, बाराही आकडे, सेकंदकाटा, खडा एकही नाही. साडेतीन हजार. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर खंडू मला कमिशन मिळालं म्हणेल. चामड्याचा पट्टा तिथेच काढून रबराचा लावला, आतून एक भोक जास्त पाडून घेतलं. त्या माणसाने भोकाचे पैसे घेतले नाहीत, पण पुठ्ठा मागून घेतला. म्हणाला, ठेवतो, तुमच्यासारखे येतात.

खवचट_खंडू | २१ जून, रात्री ९:१९

भोक फुकट मिळालं म्हणजे कमिशनच झालं.

माई_पार्ले | २१ जून, रात्री ९:४०

शाब्बास. आतल्या बाजूला बांधून बघितलं का?

किडमिड्या | २१ जून, रात्री ९:४८

बघितलं, माई. आज घरी पेपर तपासताना तसंच बांधलं होतं. मान वळवावी लागत नाही हे खरं, पण फळ्यावर लिहिताना वेळ पोरांना दिसेल आणि मला नाही, असा घोळ आहे.

टिकटिक | २१ जून, रात्री १०:०५

अभिनंदन. लेडीज घड्याळ असेल तर सेल बदलताना एक लक्षात ठेवा: लहान मशीनला बऱ्याचदा ६२१ लागतो, ६२६ नाही. रुंदी सारखीच, ६.८ मिमी, पण जाडी २.१ आणि २.६. रस्त्यावर कोणी हाताशी आहे म्हणून जाड सेल दाबून बसवायला लागला तर हात धरा. मागचं झाकण उघडल्यावर जुन्या सेलवरचा आकडा स्वतः वाचा.

सहा_बत्तीस | २२ जून, सकाळी ८:१०

माझं मुंबई स्पेशल काल पावसात भिजलं. काचेच्या आत वाफ धरलीय आणि निळा रंग सहाच्या आकड्याकडे उतरायला लागलाय. काय करू?

टिकटिक | २२ जून, सकाळी ८:२२

चावी देऊ नकोस, म्हणजे ते आपोआप थांबेल. तांदळात घालू नकोस, पीठ आत जातं. आजच घड्याळजीकडे नेऊन झाकण उघडून घे, मशीनला गंज धरायला चार दिवस पुरतात. रंगाचं काही होणार नाही.

विरारफास्ट | २२ जून, सकाळी ८:४०

चावी दिली नाही म्हणजे आता अकरा मिनिटं पुढे जाणं तरी थांबेल.

किडमिड्या | ९ जुलै, सायंकाळी ६:३०

एवढंच सांगायला आलो. आज पहिला पेपर झाला. त्या शेवटच्या बाकावरच्या पोराला एक विषय राहिला होता, तो आला होता. पेपर गोळा करताना माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, पॉकेटमध्ये गेला वाटतं स्ट्रायकर."

बाळूमामा_परळ | ९ जुलै, सायंकाळी ६:३४

पोरगं पास करा, सर.

किडमिड्या | ९ जुलै, सायंकाळी ६:३७

पेपर दुसरीकडे जातात हो तपासायला. नाहीतर केला असता.